डॉकरमध्ये बिल्ड केलं म्हणजे सेम बिल्ड झालं असं नाही: बिटकॉइन कोअरचं गिटियन ते गीक्स प्रकरण

सोर्स कोड उघडा आहे, कोणीही वाचू शकतं, त्यामुळे सॉफ्टवेअरवर भरवसा ठेवायला हरकत नाही असं आपण सगळेच बोलतो. पण युजर सोर्स कोड चालवत नाही ना, तो डाउनलोड केलेली बायनरी, म्हणजे सोर्समधून बिल्ड करून बनवलेली तयार फाइल, चालवतो, आणि ती बायनरी त्याच सोर्समधून आली हे कशावरून? बहुतेक प्रोजेक्टमध्ये खरं उत्तर एवढंच असतं की कोणीतरी स्वतःच्या लॅपटॉपवर नाहीतर कंपनीच्या सीआय सर्व्हरवर, म्हणजे आपोआप बिल्ड करणाऱ्या मशीनवर, बिल्ड मारलं, सही केली, अपलोड केलं आणि बाकीच्यांनी मानून घेतलं. डिसेंबर २०२० मध्ये सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा नेमकी हीच जागा फुटलेली होती. हल्लेखोर बिल्ड सर्व्हरवर बसले होते, कंपाइल सुरू झालं की एक सोर्स फाइल बदलायची आणि काम झालं की मूळ फाइल परत जागेवर ठेवायची. रिपॉझिटरी (सोर्स ठेवायची जागा) स्वच्छ, कंपनीची डिजिटल सही खरी, आणि अपडेटमध्ये बॅकडोअर, म्हणजे चोरदरवाजा.

यावरचा उपाय बोलायला सोपा आहे. एकाच सोर्समधून वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या मशीनवर बिल्ड करायचं आणि फाइल बाइट टू बाइट सेम आली पाहिजे. हॅश, म्हणजे फाइलच्या बाइट्सवरून काढलेला ठसा, जुळला तर हल्लेखोराला एक मशीन फोडून भागत नाही, सगळ्यांची फोडावी लागतात आणि तीही एकाच वेळी, एकाच पद्धतीने. यालाच रिप्रोड्युसिबल बिल्ड म्हणतात. करायला मात्र हे भयंकर किचकट आहे. डॉकर म्हणजे प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या खोलीत चालवणारं टूल, आणि "आम्ही डॉकरमध्ये बिल्ड करतो, त्यामुळे आमचं बिल्ड रिप्रोड्युसिबल आहे" हे जे वाक्य मी मीटिंगमध्ये सारखं ऐकतो ते का खरं नाही हे समजायला मला बिटकॉइन कोअर या बिटकॉइनच्या मुख्य सॉफ्टवेअरचं प्रकरण सगळ्यात उपयोगी पडलं. बिटकॉइन घ्यावं की नाही हा इथला विषयच नाही. तिथे वाईट बायनरी गेली तर लोकांचे पैसे थेट जातात आणि परत आणून द्यायला कुठली बँक नाही, म्हणून त्या लोकांनी २०११ पासून हा विषय सोडलेला नाही, आणि त्यांनी काय केलं, कुठे अडकले, परत काय बदललं हे सगळं उघड्यावर आहे.

सुरुवात गिटियन नावाच्या टूलने झाली. कल्पना अशी की प्रत्येक बिल्ड करणाऱ्याने आपल्या मशीनवर उबुंटू या लिनक्सची एक कोरी प्रत उभी करायची, सुरुवातीला केव्हीएम व्हर्च्युअल मशीन, पुढे एलएक्ससी कंटेनर आणि नंतर डॉकरसुद्धा चालायचं, आणि बिल्ड त्या कोऱ्या उबुंटूच्या आत करायचं म्हणजे तुमच्या स्वतःच्या मशीनवर काय आहे याचा फरक पडायला नको. लिनक्स, विंडोज आणि मॅक अशा तिन्हीसाठी एकेक यामल फाइल, तिला डिस्क्रिप्टर म्हणायचे, तिच्यात उबुंटूची कुठली आवृत्ती, कुठली पॅकेजेस, कुठली स्क्रिप्ट ते सगळं. बिल्ड झालं की आलेल्या फाइलींचे हॅश एका मजकुरात लिहायचे, त्यावर स्वतःच्या पीजीपी कीने, म्हणजे डिजिटल सहीच्या गुप्त चावीने, सही करायची आणि ते एका सार्वजनिक रिपॉझिटरीत टाकायचं. रिलीजच्या आधी पाच-सात जणांचे हॅश शेजारी शेजारी ठेवून बघायचे. माझ्या मते या सगळ्यातला सगळ्यात मोलाचा भाग ही सह्यांची रिपॉझिटरी आहे, कंटेनर नाही. कंटेनर फक्त ते काम शक्य करतो.

आता सेम उबुंटू, सेम कंपायलर (सोर्सची बायनरी करणारं टूल), सेम सोर्स असूनही हॅश का जुळत नाही? पहिलं कारण वेळ. तुम्ही दुपारी बिल्ड केलं, मी रात्री केलं, आणि टार फाइलमध्ये, म्हणजे अनेक फाइलींच्या गाठोड्यात, प्रत्येक फाइलची वेळ जाते, ते गाठोडं आवळणाऱ्या जीझिपच्या हेडरमध्ये वेळ जाते, विंडोजच्या एक्सई फाइलच्या हेडरमध्ये कंपाइल झालेले तुकडे जोडणारा लिंकर वेळ लिहितो, स्टॅटिक लायब्ररीच्या आत एआर नावाचं टूल वेळ लिहितं. गिटियनच्या स्क्रिप्टमध्ये यासाठी चक्क फेकटाइम वापरलं होतं, म्हणजे ठरावीक कमांडना खोटी वेळ दाखवायची, त्यासाठी छोट्या छोट्या रॅपर स्क्रिप्ट तिथेच बनवल्या जायच्या. पुढे २०१५ च्या सुमारास डेबियन या लिनक्सच्या रिप्रोड्युसिबल बिल्ड्सवाल्यांनी सोर्स डेट इपॉक नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सगळीकडे रुजवायला घेतलं, की बाबा वेळ हवीच असेल तर ही घे, आणि शहाणी टूल्स आता ते ऐकतात.

दुसरं कारण क्रम. फाइल सिस्टिमला "या डिरेक्टरीतल्या फाइली दे" म्हटलं की ती कुठल्या क्रमाने देईल याची गॅरंटी नाही, त्यामुळे दोन मशीनवर त्याच फाइलींचा टार वेगळा बनतो. बिटकॉइन कोअरच्या स्क्रिप्टमधली ती ओळ मी बऱ्याच जणांना दाखवली आहे कारण तिच्यात अख्खा विषय आला आहे: आधी फाइंडने फाइलींची यादी काढायची, ती सॉर्ट करायची, मग टारला सांगायचं की स्वतः आत शिरून फाइली शोधू नकोस, मी दिलेल्या यादीच्याच क्रमाने घे, मालक शून्य, ग्रुप शून्य, परवानग्या मी सांगतो त्या, आणि शेवटी जीझिपला सांगायचं की हेडरमध्ये नाव आणि वेळ लिहू नकोस. एका पाइपलाइनमध्ये चार-पाच वेगवेगळे रोग बरे केलेत. यात सॉर्टसुद्धा लोकेलप्रमाणे, म्हणजे मशीनच्या भाषेच्या सेटिंगप्रमाणे, वेगळं वागतं, म्हणून लोकेलही पक्कं करावं लागतं. क्यूटी या खिडक्या-बटणं दाखवणाऱ्या लायब्ररीच्या रिसोर्स कंपायलरमध्येही तसाच घोळ होता, हॅश टेबलमधला क्रम रँडम यायचा, तर त्यासाठी एक टेस्टिंगचं व्हेरिएबल सेट करून तो रँडमपणा बंद केला होता. असल्या गोष्टी डॉक्युमेंटेशन वाचून सापडत नाहीत, दोन बायनरी शेजारी ठेवून कुठला बाइट वेगळा आहे ते बघत बसावं लागतं, आणि डिफोस्कोप हे टूल त्याच कामासाठी आहे, टार उघडून आतली फाइल, तिच्या आतली लायब्ररी, तिच्या आतलं सेक्शन असं खोल खोल जाऊन नेमका फरक दाखवतं.

तिसरं कारण पाथ. डीबग माहितीत आणि एररच्या मेसेजमध्ये सोर्स फाइलचा पूर्ण पाथ शिरतो, तुमचा होम फोल्डर वेगळा, माझा वेगळा, झालं. कंटेनरमध्ये पाथ ठरावीक ठेवता येतो, आणि वरून कंपायलरला प्रीफिक्स बदलायला सांगता येतं.

डिपेंडन्सीचंही, म्हणजे लागणाऱ्या बाहेरच्या लायब्ररींचंही, बघा. बूस्ट, लिबइव्हेंट, क्यूटी वगैरे गोष्टी त्यांनी उबुंटूच्या पॅकेजमधून घेतल्याच नाहीत, प्रत्येकाचा सोर्स टारबॉल आणि त्याचा शा-२५६ हॅश रिपॉझिटरीतच लिहून ठेवलेला आणि सगळं स्वतः कंपाइल करायचं. इथपर्यंत वाचून वाटेल की झालं की मग.

नाही झालं, आणि प्रकरणाचा खरा भाग इथून सुरू होतो.

गिटियनमध्ये बिल्ड सुरू होताना ती कोरी उबुंटू आधी अपडेट व्हायची. म्हणजे कंपायलर, लिंकर, सी लायब्ररीची पॅकेजेस ही सगळी उबुंटूच्या सर्व्हरवर त्या दिवशी जे असेल ते. मी सोमवारी बिल्ड केलं, उबुंटूने मंगळवारी जीसीसी या कंपायलरचं छोटं अपडेट सोडलं, तुम्ही बुधवारी केलं, तर आपला हॅश जुळेलच असं नाही, आणि मग कोण चुकलं हे शोधायला सहीच्या फाइलमधली पॅकेजची यादी ओळीला ओळ लावून बघायची. ही यादी तिथे होती हे चांगलंच, पण दोन वर्षांनी कोणाला जुना रिलीज परत तपासायचा असेल तर? ती पॅकेजेस तशीच्या तशी परत मिळणार नाहीत. म्हणजे बिल्ड रिप्रोड्युसिबल होतं पण त्या आठवड्यापुरतं.

आणि त्याहून मोठा प्रश्न असा की सगळ्यांनी एकच कंपायलर बायनरी उबुंटूकडून घेतली आणि त्या कंपायलरमध्येच काही असेल तर सगळ्यांचे हॅश सुंदर जुळतील, सगळे सह्या करतील आणि सगळ्यांची बायनरी सारखीच सडकी असेल. केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये छापून आलेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात हेच मांडलं होतं, कंपायलर असा बनवता येतो की तो लॉगिन प्रोग्रॅममध्ये चोरदरवाजा घालतो आणि कंपायलर स्वतःच परत कंपाइल केला तर त्यातही तीच युक्ती परत घालतो, सोर्समध्ये मात्र काहीच दिसत नाही. हे पुस्तकी वाटत असेल तर २०१५ चं एक्सकोड-घोस्ट आठवा, चीनमध्ये बऱ्याच डेव्हलपरनी एक्सकोड या ॲपलच्या ॲप बनवायच्या टूलची बाहेरून उतरवलेली बिघडवलेली कॉपी वापरली आणि त्यांच्या प्रामाणिक कोडमधून घाणेरडी ॲप्स बनून थेट ॲप स्टोअरवर गेली, वीचॅटची एक आवृत्तीसुद्धा त्यात होती.

बिटकॉइन कोअरमध्ये कार्ल डाँग यांनी हा प्रश्न लावून धरला आणि गिटियनच्या जागी गीक्स आणायचं काम पुढे नेलं. गीक्स हा पॅकेज मॅनेजर आहे, ग्नू प्रोजेक्टचा, आणि त्यात प्रत्येक पॅकेज कुठल्या सोर्समधून, कुठल्या कंपायलरने, कुठल्या पर्यायांनी बनलं याची अख्खी साखळी लिहिलेली असते. बिटकॉइन कोअरची स्क्रिप्ट गीक्सला सांगते की अमुक कमिटच्या (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाच्या) वेळचा तू हो, त्या कमांडचं नावच टाइम मशीन आहे, आणि मग त्या कमिटमधल्या व्याख्यांप्रमाणे कंपायलर, लिंकर, सी लायब्ररी सगळं उभं राहतं. आज करा नाहीतर तीन वर्षांनी करा, व्याख्या तीच. त्यानंतर कंटेनर उघडतो, त्यात फक्त यादीत लिहिलेली पॅकेजेस, बाहेरची एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स नाहीत, आणि नेटवर्क नाही. डिपेंडन्सीचे सोर्स आधीच उतरवून आत द्यायचे. नेटवर्क नसणं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण बिल्डच्या मधेच कुठलीतरी स्क्रिप्ट नेटवरून काहीतरी ओढते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही, हे मी कामाच्या ठिकाणी परत परत बघितलंय, आणि नेट बंद केलं की असलं सगळं लगेच उघडं पडतं.

सप्टेंबर २०२१ मध्ये आलेला २२.० हा गीक्सने बनवलेला पहिला रिलीज. त्याच सुमारास अजून एक बदल झाला जो लोकांच्या नजरेतून सुटतो. आधी हॅशच्या फाइलवर एका रिलीज-कीची सही असायची, म्हणजे इतक्या जणांनी तपासूनसुद्धा युजरला शेवटी एकाच कीवर विश्वास ठेवावा लागायचा. २२.० पासून त्या फाइलसोबत बिल्ड करणाऱ्या अनेक जणांच्या सह्या एकत्र येतात. युजरने ठरवायचं की यातल्या कोणाकोणाला मी मानतो.

गीक्सनेही सगळं आपोआप झालं नाही, आणि एक बारीक गोष्ट मला इथे दाखवायचीच आहे. यूमास्क. नवीन फाइल बनली की तिला परवानग्या कुठल्या मिळणार हे ठरवणारी सेटिंग. गीक्स स्वतःची पॅकेजेस बांधताना ती पक्की करतो, पण तुम्ही गीक्सचा कंटेनर शेल उघडला तर तिथे तो ती सेट करत नाही. म्हणजे बाहेरच्या युजरची यूमास्क गुपचूप कंटेनरमध्ये शिरते, आणि कोणाच्या मशीनवर ती वेगळी असेल तर फाइलच्या परवानग्या वेगळ्या, म्हणजे टार वेगळा, म्हणजे हॅश वेगळा. त्यांच्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये वरच यूमास्कची एक ओळ आहे आणि तिच्यावर कॉमेंट आहे की हे का लागतं आणि ही ओळ कुठलीही फाइल बनवणाऱ्या कमांडच्या आधीच असली पाहिजे. कंटेनर म्हणजे सगळ्या बाजूंनी बंद खोली असं ज्यांना वाटतं त्यांनी ती एक कॉमेंट वाचावी.

दुसरी अडचण घड्याळाची. सगळं अगदी मुळापासून कंपाइल करायला गेलं की जुन्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या टेस्ट फेल होतात, कारण त्या टेस्टमधल्या सर्टिफिकेटची मुदत आता संपलेली आहे. म्हणजे कोड तोच, कंपायलर तोच, फक्त आजची तारीख पुढे गेली म्हणून बिल्ड मोडलं, आणि उपाय म्हणून मशीनचं घड्याळ मागे न्यायला सांगावं लागतं. तसंच कोअरयूटिल्सची एक टेस्ट डॉकरच्या ओव्हरले फाइल सिस्टिमवर फेल होते, म्हणून गीक्स डॉकरच्या आत चालवणाऱ्यांना ती ठेच लागते. हे सगळं त्यांच्या इन्स्टॉलेशनच्या फाइलमध्ये नीट लिहून ठेवलंय, मला त्या लोकांचं हे फार आवडतं.

मग कोड-सायनिंगचं काय? विंडोज आणि मॅकच्या फाइलवर सही लागतेच, आणि सहीची गुप्त की सगळ्यांना वाटता येत नाही, म्हणजे सही झालेली फाइल दुसऱ्या कोणाला बनवताच येणार नाही. इथे त्यांनी जे केलं ते माझ्या मते प्रत्येक टीमने उचलण्यासारखं आहे. आधी सगळ्यांनी सही नसलेली बायनरी बनवायची आणि हॅश जुळवायचे. जुळले की ज्याच्याकडे की आहे तो त्याच बायनरीवर सही करतो, पण फक्त सहीचा तुकडा वेगळा काढून एका सार्वजनिक रिपॉझिटरीत टाकतो. बाकीचे तो तुकडा आपापल्या बायनरीला चिकटवतात, आणि सही झालेली फाइलही सगळ्यांची सेम येते. दोन टप्पे, दोन वेगळ्या हॅश-याद्या. की एकाकडेच राहिली पण तपासणी सगळ्यांकडे.

मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या टूलचं प्रकरण झालं तेव्हा मला या पद्धतीतली अजून एक गोष्ट नीट कळली. अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना एसएसएच (दूरच्या मशीनवरचं) लॉगिन अर्धा सेकंद हळू वाटलं आणि त्यातून एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ मधला बॅकडोअर सापडला. आता तो बॅकडोअर सुरू करणारी एम-फोर फाइल, म्हणजे बिल्डच्या तयारीतली एक फाइल, गिटमध्ये (कोडच्या रिपॉझिटरीत) नव्हतीच, ती फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये होती, आणि ऑटोटूल्स या बिल्डची तयारी करणाऱ्या टूल्सचे टारबॉल गिटपेक्षा वेगळे असतातच त्यामुळे कोणाला काही खटकलं नाही. रिप्रोड्युसिबल बिल्डने हा हल्ला थेट थांबला नसता, विषारी टारबॉलमधून दोघांनी बिल्ड केलं तर दोघांचाही हॅश जुळलाच असता. पण बिटकॉइन कोअरच्या गीक्स स्क्रिप्टमध्ये सोर्सचा टारबॉल हा थेट गिट आर्काइव्ह कमांडने कमिटमधून काढला जातो आणि ऑटोटूल्सची तयारी कंटेनरच्या आत व्हायची, म्हणजे माणसाच्या हाताने बनलेला टारबॉल मधे येतच नाही. बाहेरच्या डिपेंडन्सीचे टारबॉल मात्र तिथेही येतातच, ती बाजू उरतेच.

भरवशाची साखळी कुठे संपते हाही प्रश्न आहे. गीक्सच्या लोकांनी २०२३ मध्ये अख्खी साखळी ३५७ बाइटच्या एका छोट्या प्रोग्रॅमपर्यंत आणून दाखवली, तो प्रोग्रॅम माणूस बसून बाइट-बाइट वाचू शकतो, आणि तिथून टप्प्याटप्प्याने जीसीसीपर्यंत जाता येतं. मला ही गेल्या काही वर्षांतली कॉम्प्युटरमधली सगळ्यात सुंदर कामगिरी वाटते आणि आपल्याकडे तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. पण मॅकसाठी बिल्ड करायला ॲपलचं एसडीके, म्हणजे मॅकच्या लायब्ररींचा संच, लागतं, ते एक्सकोडमधून काढावं लागतं आणि तिथे सोर्स मिळत नाही, तर तिथे फक्त काढलेल्या पॅकेटचा हॅश सगळ्यांचा एकच आहे एवढं बघता येतं. शिवाय बहुतेक बिल्डर वेळ वाचवायला गीक्सच्या सर्व्हरवरची तयार पॅकेजेस घेऊ शकतात, पण ती अजिबात न घेता सगळं स्वतः बांधायचा पर्याय उघडा आहे, आणि काही जणांनी तसं केलं आणि तरी हॅश जुळला की त्या तयार पॅकेजेसवरचा भरवसाही आपोआप तपासला जातो.

आता आपल्या रोजच्या डॉकरकडे. सगळ्यांना गीक्स शक्य नाही, टीम छोटी असते, क्लायंटला फक्त इमेज, म्हणजे कंटेनरचा तयार साचा, हवी असते, मान्य आहे. पण गिटियनला जे नडलं तेच आपल्या डॉकरफाइलमध्ये (इमेज बनवायच्या कृतीत) पहिल्या दोन ओळीत असतं. पहिल्या ओळीत बेस इमेजचा टॅग, आणि टॅग हलतो, आज एका इमेजकडे बोट दाखवतो, पुढच्या महिन्यात दुसऱ्या. दुसऱ्या ओळीत ॲप्ट-गेट अपडेट, म्हणजे त्या दिवशी सर्व्हरवर जे असेल ते. आमच्याकडे टॅगच्या जागी इमेजचा शा-२५६ डायजेस्ट, म्हणजे हॅश, लिहिणं सुरू केलं, आणि डेबियनचे सर्व्हर बदलून स्नॅपशॉट डॉट डेबियन डॉट ओआरजीवरची ठरावीक तारीख घेतली, तिथे जुन्या तारखांची पॅकेजेस तशीच ठेवलेली असतात. पायथनची पॅकेजेस हॅशसकट, एनपीएमची लॉक फाइलवरूनच. डाउनलोड आणि कंपाइल हे दोन टप्पे वेगळे, आणि कंपाइलचा टप्पा नेटवर्क बंद करून. गो भाषेत असाल तर ट्रिमपाथ हा पर्याय द्या म्हणजे पाथचा प्रश्न तिथेच मिटतो.

एक फरक मात्र डोक्यात ठेवा, कंटेनरच्या आत बनणारी बायनरी सेम येणं आणि कंटेनरची इमेज सेम येणं ही दोन वेगळी कामं आहेत. इमेजच्या लेअर (थर) म्हणजे टारच, त्यामुळे वेळेचा तोच जुना रोग परत येतो. डॉकरमध्ये इमेज बनवणाऱ्या बिल्डकिटला सोर्स डेट इपॉक दिलं तर इमेजच्या कॉन्फिगमधली वेळ ठरावीक होते, पण लेअरमधल्या फाइलींची वेळ बदलायला आउटपुटमध्ये वेगळा पर्याय द्यावा लागतो, रीराइट टाइमस्टॅम्प नावाचा. ॲप्टचे लॉग, कॅशे, पायथनच्या पीवायसी फाइली हे सगळं लेअरमध्ये राहून गेलं तर तेही हॅश बिघडवतं. म्हणून मी सुरुवात बायनरीपासून करा असंच सांगतो, इमेज नंतर.

आणि हे सगळं केल्यावर एकाच सीआय सर्व्हरवर दोनदा बिल्ड मारून हॅश जुळला म्हणून खूश होऊ नका, तो सर्व्हर फुटला असेल तर दोन्ही वेळा तीच सडकी फाइल येणार. दुसरं बिल्ड दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या डिस्ट्रोवर, ज्याच्याकडे पहिल्या सर्व्हरचा ॲक्सेस नाही अशा माणसाने केलं पाहिजे, आणि त्याची सही रिलीजच्या आधी आली पाहिजे. क्लायंटची स्वतःची टीम असेल तर ते दुसरं बिल्ड त्यांनाच करू द्या, कमिटचा हॅश, बिल्डची स्क्रिप्ट आणि आपला हॅश द्या, आणि जुळला नाही तर दोन्ही फाइली डिफोस्कोपमध्ये टाकून पहिला वेगळा बाइट कुठला आहे ते एकत्र बसून बघा.